मदत हवी आहे: चित्रकार आहे, यूएक्स डिझाइनमध्ये यायचे आहे, पण मुलाखतीपर्यंतही पोहोचत नाही

रंगरेषा: गेल्या तीन महिन्यांत मी यूएक्स डिझाइनरच्या (ॲप वापरायला सोपे व्हावे अशी आखणी करणाऱ्याच्या) 14 जागांसाठी अर्ज केले. एकाच ठिकाणाहून उत्तर आले आणि तेही "स्क्रीन देखण्या आहेत, परंतु त्यांमागचा विचार दिसत नाही" एवढेच. स्क्रीन आखण्याचे फिग्मा हे सॉफ्टवेअर मला उत्तम येते. कोणता अभ्यासक्रम केल्यास हा विचार दिसू लागेल, ते कृपया लवकर सांगावे, कारण एका शिकवणीचे शुल्क रविवारपर्यंत भरायचे आहे.

गिरगावची_खिडकी: आपले शिक्षण पेंटिंगचे की उपयोजित कलेचे? आजवर काम कशाचे केले? पोर्टफोलिओत काय आहे? नाडी न पाहता औषध कसे सुचवायचे?

पवईकर: सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा द्यावी आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतून एम.डेस. ही पदव्युत्तर पदवी घ्यावी. ही संस्था 1969 पासून आहे, परीक्षेला वयाची अट नाही आणि तिच्या दुसऱ्या भागात रेखाटने करावी लागतात. सुलेखनकार र. कृ. जोशी तेथेच शिकवत. संगणकावरचा मंगल हा देवनागरी टंक (फॉन्ट) त्यांचाच.

रंगरेषा: दोन वर्षे बिनपगारी राहणे शक्य नाही, घराचे हप्ते आहेत. जी.डी. आर्ट, पेंटिंग. पोर्टफोलिओत तीन ॲप आहेत: लोकलचे तिकीट, जेवणाचा डबा आणि ध्यानधारणा.

जुना_खडू: ही तिन्ही ॲप निवड करणाऱ्यांनी इतक्यांदा पाहिलेली असतात की ती उघडण्यापूर्वीच त्यांना जांभई येते. पदवीने काही साधत नाही. दादरला तिकीट यंत्रापाशी बाजूला उभे राहून पाच जणांचे बोट कोठे अडखळते ते पाहावे. पाच जणांच्या चाचणीत बहुतेक अडचणी उघड होतात, असे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी 2000 सालीच लिहिले आहे.

पवईकर: तो आकडा एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांपुरता आहे. चष्मा शोधणाऱ्या आजी आणि कॉलेजचा मुलगा एका गटात बसत नाहीत. हे बारकावे शिकवायलाच संस्था असते.

कोडवाला: माझ्या मते आधी जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकावी.

गिरगावची_खिडकी: ते कोणी विचारलेले नाही. रंगरेषा, आजवर काम कशाचे केले, याचे उत्तर राहिले आहे.

रंगरेषा: त्याचा येथे संबंध नाही असे वाटले. सहा वर्षे लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. छपाईपूर्वी कच्ची चित्रे वडाळ्याच्या एका बालवाडीत नेते आणि मुलांना जे ओळखता येत नाही ते पुन्हा काढते. पावसाच्या तिरक्या रेघांना मुले "जाळी" म्हणाली, तेव्हा ते पान चार वेळा बदलावे लागले.

जुना_खडू: अहो, मग ही चाचणी नव्हे तर काय? तिन्ही ॲप काढून टाका आणि पावसाचे ते पान ठेवा: पहिले चित्र, मुलांचे शब्द, चारही बदल आणि शेवटचा का टिकला याचे कारण.

पवईकर: हे मान्य, परंतु नोकरी स्क्रीनची आहे. त्याच मुलांसाठी मराठी वाचनाचे छोटे ॲप करून तेही बालवाडीत दाखवावे. ओळींतले अंतर तोकडे असले की वेलांट्या छाटल्या जातात, हे आपल्याला चटकन दिसेल.

रंगरेषा: छापलेले पान हाताशी आहे, आधीची पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत असावीत, आज काढते. शुल्काचे मात्र अजून कोणीच सांगितलेले नाही आणि आज शनिवार आहे.