मदत हवी आहे: नक्की कोणता ते न कळलेले पक्षी नोंदवायचे कसे?

खाडीकाठची:

नमस्कार मंडळी. मी नेरूळला राहते, पक्षी बघायला लागून हा तिसरा हिवाळा. पहिली दोन वर्षं वहीत लिहायचे, आता ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर, याद्या टाकते. प्रश्न साधाच आहे, पण त्याच्यामागे एक फजिती आहे, ती आधी सांगते.

गेल्या रविवारी टी. एस. चाणक्यच्या पाणथळीवर गेलो होतो. उधाणाची भरती होती. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की पाखरं टेकायला इकडे येतात, हे इथल्यांना सांगायला नको. रोहित, शेकाटे, वंचक, धोबी, ओळखीचे सगळे पटापट लिहून झाले. मग खाडीच्या बाजूने एक थवा आला. चिमणीएवढे, वरून करडे, पोट पांढरं. वळले की पांढरे दिसायचे, परत वळले की गायब. दहादहाचे गट करत मोजले, चारशेच्या आसपास भरले. आमच्यात एक जुने जाणते काका आहेत. ते म्हणाले, "लिटल स्टिंट लिही गं, इथे दुसरं काय असणार!" मी लिहिलं: लिटल स्टिंट ४००. काकांना बोल लावत नाही, मोबाइलवर बोट माझंच होतं.

संध्याकाळी कुकर लावून फोटो बघत बसले. थवा बांधाच्या पलीकडे उतरला तेव्हाचा एक फोटो बरा आलाय. मोठा करून मोजले तर ५२ पक्षी. त्यातल्या तिघांची चोच स्टिंटपेक्षा चांगली लांब आणि खाली वाकलेली! म्हणजे जे ३४८ फोटोत नाहीतच, ते सगळे स्टिंटच होते हे मी कशावरून लिहिलं?

त्या दिवसापासून यादी उघडी पडली आहे आणि मला काही सुचत नाहीये. न ओळखलेले गाळून टाकावेत तर चारशे पक्षी आलेच नव्हते असं होतं. अंदाजाने नाव लिहावं तर ते खोटं. शिवाय यादी 'पूर्ण' आहे का असं ते विचारतात. निम्मे पक्षी ओळखताच आले नसतील तर 'हो' म्हणायचं कोणत्या तोंडाने? इतके दिवस मी 'हो'च म्हणत आले, हेही कबूल करते.

आणखी एक. हाच घोळ कुरवांचा, म्हणजे गलचा होतो. वाशीच्या सागर विहारवरून समोर पाण्यात बसलेले दिसतात, पण ब्राउन-हेडेड की ब्लॅक-हेडेड ते इतक्या लांबून मला सांगता येत नाही. तिथे काय करायचं?

घोडबंदरी:

ताई, फजिती वगैरे काही नाही, सगळ्यांचं होतं. फक्त सगळे फोटो मोठा करून बघत नाहीत.

यादीत यासाठी सोय आहे. इंग्रजी नावापुढे 'एसपी' (स्पीशीज, म्हणजे प्रजाती) लावलेल्या नोंदी असतात: गल एसपी, टर्न एसपी, डक एसपी. पक्षी कुठल्या गटातला ते कळलं, पुढचं नाही कळलं, एवढाच त्याचा अर्थ. शोधायच्या जागी गटाचं इंग्रजी नाव टाकून स्पेस द्या आणि एस, पी ही अक्षरं टाका, की पर्याय खाली येतात. दुसरा प्रकार तिरक्या रेघेचा. दोनच उमेदवार उरले असतील तेव्हा दोन्ही नावं मध्ये रेघ देऊन असतात. छोटा पाणकावळा की इंडियन, असं झालं की मी तेच वापरतो. खाडीवर हिवाळ्यात ठिपक्यांचे गरुड उंचावर घिरट्या घालतात, तेव्हाही.

नियम माझा एकच: जिथपर्यंत खात्री आहे तिथपर्यंत खाली उतरायचं आणि थांबायचं. छोटा वेडर, म्हणजे चिखलात चरणारा काठावरचा पक्षी, एवढंच कळलं तर तेवढंच. 'बर्ड एसपी' अशीही नोंद आहे, पण ती टाकायची वेळ आली तर मी सरळ चष्म्याचा नंबर तपासायला जातो.

'पूर्ण'बद्दलचा गैरसमज फार लोकांचा आहे. प्रश्न नीट वाचा. तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी दिलेत का, असं विचारलंय. ओळखता न आलेल्यांमुळे यादी अपूर्ण होत नाही. अपूर्ण होते ती तुम्ही कावळे, कबुतरं, साळुंक्या 'काय त्यात' म्हणून सोडता तेव्हा.

वटवट्या:

खरं कारण मी सांगतो. एसपी टाकलं की आपल्या आयुष्यभराच्या यादीत प्रजातींचा आकडा वाढत नाही. म्हणून लोकांच्या हाताला ते लिहायचं सुचत नाही. आमच्या येऊरच्या फेरीत झाडाच्या शेंड्यावर काहीतरी चिवचिवलं की मोबाइल वर धरतात, आवाजावरून पक्षी सुचवणाऱ्या मर्लिन ॲपने जे नाव दाखवलं ते जसंच्या तसं यादीत. डोळ्यांना दिसलं पिंपळाचं पान. मर्लिन सुचवतं, बघायचं आपणच असतं.

घोडबंदरी:

हे मात्र खरं. पर्णवटवट्यांच्या बाबतीत तर नुसत्या आवाजावर मीही आखडता हात घेतो.

ताई, कुरवांचं विचारलंत. जवळ असतील तर डोळा बघा. मोठ्या झालेल्या ब्राउन-हेडेडचा डोळा फिकट असतो, ब्लॅक-हेडेडचा गडद. उडाले तर पंखाचं टोक बघा: ब्राउन-हेडेडच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असतात, ब्लॅक-हेडेडच्या पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पाचर असते. सागर विहारच्या कठड्यावरून यातलं काहीच दिसत नाही, तेव्हा गल एसपी, आणि पुढे आकडा. आकडा टाकाच. तिथे एक्सही लिहिता येतो, पण एक्स म्हणजे 'होते, मोजले नाहीत'. आकड्याच्या जागी तो काही कामाचा नाही. १५० की १७० याने बिघडत नाही, १५० की १५०० हे कळायला हवं.

पाणलावा:

मी दर जानेवारीत पाणपक्षी गणनेला जाते. आशियाई पाणपक्षी गणना आपल्याकडे १९८७ पासून चालू आहे. तिच्या तक्त्यातही न ओळखलेली बदकं, न ओळखलेले कुरव, सुरय यांचे रकाने वेगळे असतात. तेव्हा ही काही पळवाट नाही, पहिल्यापासूनची रीत आहे.

पण मला तुमच्या त्या तिघांत जास्त रस आहे. लांब, खाली वाकलेली चोच म्हणजे कर्ल्यू सँडपायपर, आपली बाकचोच तुतारी, असं लगेच वाटतं. पण डनलिन या तशाच छोट्या वेडरचीही चोच टोकाला वाकते. उडतानाचा फोटो आहे का? बाकचोचीच्या शेपटीच्या वरचा भाग स्वच्छ पांढरा दिसतो. डनलिनला आणि स्टिंटला तिथे मधोमध गडद पट्टी असते.

आणि हे उगाच विचारत नाहीये. २०२४ मध्ये आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संस्थेने बाकचोचीला धोक्याच्या यादीत एक पायरी वर नेलं, आता ती 'असुरक्षित' गटात आहे. चारशे स्टिंट लिहिलेत तेव्हा तुमचे हे तीन त्यात बुडाले होते. २०२३ च्या स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा आहे, तो आपल्यासारख्यांनी टाकलेल्या याद्यांवरच उभा आहे. त्यात सगळीकडे सवयीने स्टिंट लिहिलं गेलं तर स्टिंटचं उत्तम चाललंय असं दिसेल आणि बाकचोच कुठे गेली ते कळणारही नाही.

दारावेकर:

एक शंका. ५२ मध्ये ३ निघाले, तर ४०० मध्ये त्याच प्रमाणात २३ धरायचे का?

पाणलावा:

मी धरणार नाही. थवे सारखे मिसळलेले नसतात, एकसारखे पक्षी एकत्र उतरतात. दुर्बिणीतून थव्याच्या चारपाच ठिकाणचे शंभर-शंभर पक्षी तपासले असते तर गोष्ट वेगळी. तसं केलं तरी शेऱ्यात लिहून ठेवायचं. एका फोटोच्या कोपऱ्यावरून नको.

घोडबंदरी:

सहमत. आणि ताई, बेरीज करताना एक लक्षात ठेवा. ओळखलेले वेगळे, उरलेले वेगळे. बरेच जण स्टिंट ६० लिहून पुन्हा छोटे वेडर ४०० लिहितात, मग पक्षी ४६० होतात!

खाडीकाठची:

किती मनावर घेतलंत सगळ्यांनी! पाणलावाताई, उडतानाचा एक फोटो होता, मी तो वाईट म्हणून काढून टाकणार होते. त्यात मागच्या बाजूला दोन पक्ष्यांच्या शेपटीवर पांढरं अगदी स्पष्ट दिसतंय, मध्ये पट्टी नाही.

आज दुपारी वेबसाइटवर यादी उघडून दुरुस्त केली. ५२ मधले ३१ स्टिंट मला छातीठोक सांगता येतात, काळे पाय, बारीक सरळ चोच. १८ पाठमोरे किंवा दुसऱ्याच्या आड आहेत. तेव्हा लिटल स्टिंट ३१, कर्ल्यू सँडपायपर ३, आणि छोटे वेडर एसपी ३६६. दोन्ही फोटो जोडले. शेऱ्यात लिहिलं: 'थवा उडताना दहादहाच्या गटाने मोजला, ओळख फोटोवरून.' काकांना दाखवलं. ते थोडा वेळ फोटो बघत राहिले, मग म्हणाले, "तीन नाही गं, हा चौथा बघ." मला काही तो चौथा दिसेना. तेव्हा तीनच ठेवलेत.

जाता जाता एक. त्याच फोटोत उजव्या कोपऱ्यात एक आहे, त्याचे पाय मला पिवळसर वाटतात. टेमिंक्स स्टिंट असेल का? फोटो खाली जोडलाय.

पाणलावा:

अहो, त्याचे पाय चिखलात आहेत. चिखल दिसतोय तो.

वटवट्या:

एसपी!