गोंधळी आणि भीमगीत गायक यांना घरगुती बैठकीला बोलावताना बिदागी, ध्वनिमुद्रण आणि श्रेय यांचा व्यवहार कसा ठेवावा?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. नाशिकमधली आम्ही काही कुटुंबे मिळून लोकसंगीताच्या लहान बैठका भरवतो, कधी कोणाच्या घरी, तर कधी आमच्या सोसायटीच्या सभागृहात. श्रोते पन्नास-साठ असतात, ध्वनिक्षेपक शक्यतो लावत नाही, प्रायोजक घेत नाही आणि येणारा प्रत्येक जण आपल्या ऐपतीप्रमाणे पाकिटात रक्कम ठेवतो. आजवर भजन आणि भारूड करणारी जवळपासची मंडळी येऊन गेली. आता मराठवाड्यातला एक गोंधळी मेळ आणि जिल्ह्यातले एक भीमगीत गायक यांना बोलवावे असा विचार आहे. हे दोघेही कोणत्याही कंपनीशी किंवा संस्थेशी बांधलेले नाहीत आणि स्वतःच्या बळावर गातात.

महोत्सवात गोंधळाला दहा मिनिटे मिळतात, संबळ तापेपर्यंत निवेदक पुढच्या कलाकाराचे नाव घेतो आणि मेळ शाल-श्रीफळ घेऊन रात्रीच्या गाडीने परत जातो, हे आम्ही सर्वांनी पाहिलेले आहे. आमच्याकडे तसे होऊ नये, एवढीच इच्छा आहे. परंतु काही बाबतींत आमच्यातच एकमत होत नाही. गोंधळ हा कुलाचार असल्यामुळे घरात लग्नकार्य नसताना तो घालावा का? बिदागी आधी ठरवावी, की पाकिटांत जमेल ती रक्कम द्यावी? आमच्यातला एक मित्र प्रत्येक बैठकीचे उत्तम चित्रीकरण करून ते सर्वांसाठी खुले करतो; गाणी पारंपरिक असल्यामुळे परवानगीचा प्रश्नच येत नाही असे त्याचे म्हणणे आहे, आणि ते मला पटत नाही. ज्यांचा या मंडळींशी जवळचा संबंध आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दिवटी

आमच्या घरात गोंधळाची परंपरा आहे. मी स्वतः नोकरी करतो, पण काका आणि चुलतभाऊ अजून संबळ वाजवतात, त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो.

तुळजापूरच्या भवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई अशा आमच्यात दोन शाखा आहेत. दोन्हींची उपजीविका यजमान घराण्यांवर चालत आली. लग्न झाले, जावळ झाले, नवस फिटला, की त्या घराने गोंधळ घालायचा आणि त्यांच्या ठरलेल्या गोंधळ्याने तो करायचा, असे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते होते. दक्षिणा, शिधा, चौकात मांडलेले धान्य आणि वस्त्र हे त्या रात्रीचे उत्पन्न असे. पण खरा आधार त्या एका रात्रीचा नसून, पुढच्या कार्यालाही याच घराकडून बोलावणे येणार या खात्रीचा होता. लग्ने मंगल कार्यालयात गेली, कार्यालय ठरावीक वेळेला रिकामे करून द्यावे लागू लागले आणि रात्रभर चालणारा गोंधळ तासा-दीड तासावर आला. आख्यान लावायला वेळच राहत नाही, आणि जे लावले जात नाही ते पुढच्या पिढीला येत नाही. आमच्या घरातली दोन मोठी आख्याने आज फक्त काकांना पूर्ण येतात, याचे मला फार वाईट वाटते.

कार्य नसताना गोंधळ घालावा का, याचा निर्णय मेळाच्या नाईकांवर, म्हणजे मेळाच्या प्रमुखावर सोपवावा. काही नाईक चौक मांडून, कलश ठेवून, दिवटी पेटवून आणि सर्व दैवतांना आवाहन करूनच पुढे जातात. काही जण विधी बाजूला ठेवून केवळ आख्यान गातात. परभणीच्या राजारामभाऊ कदमांसारख्या थोर गोंधळ्यांनी ही कला रंगमंचावर नेली आणि तिथेही तिचे पावित्र्य राखले, तेव्हा घराबाहेरचा गोंधळ निषिद्ध आहे असे कोणी समजू नये. नाईकांनी चौक मांडायचे ठरवले, तर मात्र यजमान म्हणून तुमच्यापैकी एका कुटुंबाने पुढे बसावे, पायताणे बाहेर ठेवावीत आणि मधूनच उठून फोन घेऊ नये. दिवटीला तेल लागते आणि तिचा धूर होतो, म्हणून सोसायटीच्या सभागृहात तिची परवानगी आधीच काढून ठेवा. ऐन वेळी दिवटी विझवायला सांगणे हा मेळाचा अपमान ठरतो.

बिदागी एका माणसाची धरू नका. मेळात चार-पाच जण असतात: नाईक, संबळ वाजवणारा, तुणतुणेवाला, झांजेवाला. तुणतुण्याला एकच तार असते म्हणून त्याच्या साथीदाराला निम्मे पैसे देणारे आयोजक मी पाहिले आहेत. पण त्या तारेवरच सगळ्यांचा ठेका टिकून असतो. प्रवास, मुक्काम आणि जेवण हा खर्च बिदागीतून वळता करू नये. पाकिटांची पद्धत मला आवडते, कारण तिच्यात ऐकणाऱ्याचा हात थेट देणाऱ्याचा होतो. मात्र किमान रक्कम आधीच सांगावी आणि पाकिटांतून त्याहून अधिक जे जमेल ते सगळे मेळाला द्यावे.

वस्तीतला श्रोता

पाकिटांच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. कलाकाराच्या डोळ्यांदेखत पाकिटे फिरू लागली की श्रोता दाता होतो आणि गायक याचक होतो. आंबेडकरी गायकांच्या बाबतीत हे मला अजिबात रुचत नाही. वर्गणी आयोजकांनी आपसात गोळा करावी आणि गायकाला पूर्ण ठरलेली रक्कम सन्मानाने द्यावी.

दुसरे असे की, भीमगीताला नव्या रसिकांनी आश्रय देण्याची गरज आहे अशा भूमिकेतून कृपया कोणी येऊ नये. सत्यशोधक समाजाच्या जलशांपासून, म्हणजे गाण्यांतून प्रबोधन करणाऱ्या कार्यक्रमांपासून निघालेली ही वाट आंबेडकरी जलशांपर्यंत आली, नाशिक भागातल्या भीमराव कर्डकांसारख्यांनी ती गावोगाव नेली आणि तिचा सगळा खर्च कष्टकरी वस्त्यांनी उचलला. १४ एप्रिलच्या जयंतीसाठी घराघरातून वर्गणी निघते, रात्रीच्या गायनाचे मानधन त्यातूनच दिले जाते, आणि गायकाचे जेवण कोणत्या घरी, यावर प्रेमाने भांडणे होतात. ६ डिसेंबरला दादरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी गाण्यांच्या कॅसेटी आणि पुढे सीड्या ज्या संख्येने विकल्या गेल्या, तेवढा भक्कम स्वतंत्र बाजार मराठीत दुसऱ्या कोणत्या लोकगायनाने उभा केला असेल असे मला वाटत नाही. मोठ्या वाहिन्यांनी आणि वृत्तपत्रांनी दखल घेतली नाही, तरी ही गाणी माणसांना पाठ होती. लोकशाहीर विठ्ठल उमप यांनी २६ नोव्हेंबर २०१० रोजी अखेरचा श्वास घेतला तोही दीक्षाभूमीवर, आपल्याच श्रोत्यांसमोर.

तुम्ही नाशिकचे आहात, म्हणून वामनदादा कर्डकांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस मोठेपणी अक्षरे शिकला, आयुष्यभर गावोगाव फिरत राहिला आणि त्यांची असंख्य गाणी लोकांच्या तोंडी रुजली. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते ‘वामन’ हे नाव गुंफत असत. गायक बदलला, चाल बदलली, कॅसेटच्या वेष्टनावर भलत्याचेच नाव छापले गेले, तरी कडव्यातले नाव कोणाला पुसता आले नाही. असे असूनही कार्यक्रमांतून ‘पारंपरिक भीमगीत’ अशी घोषणा होते तेव्हा मनापासून संताप येतो. तुमच्या निवेदकाने प्रत्येक गाण्याचा कवी गायकाला विचारून घ्यावा आणि त्याचे नाव सांगावे. सभागृहातल्या कोणाला अवघडल्यासारखे होईल म्हणून ‘जातीवरची गाणी जरा कमी घ्या’ असेही गायकाला सुचवू नका. ते वगळले तर ज्या कारणासाठी तो गातो तेच वगळल्यासारखे होईल.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे बैठक पावसाळ्यात घ्या. एप्रिल-मे महिन्यांत या गायकांना क्षणाची उसंत नसते. पाऊस सुरू झाला की उघड्यावरचे कार्यक्रम थांबतात आणि मग पुढचे कित्येक आठवडे घर कसे चालवायचे, हा प्रश्न उभा राहतो. तमाशाच्या फडांचेही हेच दुखणे आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत गावकारभाऱ्यांची जत्रेच्या सुपाऱ्या देण्यासाठी गर्दी होते आणि पावसाळ्यात तेच फड उचल घेऊन दिवस काढतात. तुमच्या साठ श्रोत्यांची बैठक एप्रिलमध्ये कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण ऑगस्टमध्ये ती एका घराचा महिना सावरू शकते.

ध्वनिरेखा

मी ध्वनिमुद्रणाचे काम करते आणि लोककलावंतांबरोबर बरेच काम केलेले आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. गोदाकाठ, तुमच्या मित्राचा समज चुकीचा आहे.

इथे दोन वेगवेगळे हक्क आहेत. पहिला गाण्यावरचा. गोंधळातले परंपरेने आलेले आख्यान कोणा एकाचे नसते, त्यामुळे ते गायला कोणाची परवानगी लागत नाही, हे खरे आहे. पण भीमगीते बहुतांशी विसाव्या शतकातल्या कवींनी लिहिलेली आहेत. कवीच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या रचनेवर प्रताधिकार राहतो. वामनदादांचे निधन १५ मे २००४ रोजी झाले, म्हणजे त्यांच्या रचना २०६४ अखेरपर्यंत संरक्षित आहेत.

दुसरा हक्क सादरीकरणावरचा, आणि याचा आयोजकांना सर्रास विसर पडतो. गाणे कितीही जुने असले तरी त्या रात्री ते ज्याने गायले त्या कलाकाराचा आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो. प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तो अधिक स्पष्ट झाला. कलाकाराच्या संमतीवाचून मुद्रण करणे किंवा ते लोकांसमोर मांडणे हा त्या हक्काचा भंग आहे. हा हक्क पन्नास वर्षे टिकतो आणि आपले नाव दिले जावे असा आग्रह धरण्याचा अधिकारही कलाकाराला त्यातच मिळतो. संबळ आणि तुणतुणे वाजवणारेही या अर्थाने कलाकारच आहेत, त्यामुळे संमती एकट्या नाईकांची घेऊन भागत नाही.

लेखी संमती घेताना एक सावधगिरी बाळगा. चित्रीकरणाला कलाकाराने एकदा लेखी संमती दिली आणि कागदावर वेगळे काही ठरलेले नसले, तर निर्मात्याने त्या चित्रफितीचा उपयोग करण्यावर कलाकाराला नंतर हरकत घेता येत नाही. व्यावसायिक वापर झाल्यास मानधनाचा वाटा मागण्याचा हक्क राहतो, पण तो वसूल करायला परभणीच्या खेड्यातला माणूस कुठे जाणार? म्हणून कागद साध्या मराठीत आणि एका पानाचा करा. मुद्रण कशासाठी वापरायचे, किती काळ खुले ठेवायचे, कलाकाराने सांगितल्यावर ते किती दिवसांत उतरवायचे आणि त्यातून काही उत्पन्न आले तर ते कोणाचे, हे त्यात असावे. तो कागद कलाकारांना मोठ्याने वाचून दाखवावा. मूळ मुद्रणाची पूर्ण प्रत पेन ड्राइव्हवर घालून मेळाला द्यावी आणि शक्य असेल तर ते मेळाच्या स्वतःच्या खात्यावरूनच प्रकाशित करावे, म्हणजे पुढचे बोलावणे थेट त्यांच्याकडे जाईल.

संपूर्ण आख्यान मात्र मी खुले करणार नाही. घरबसल्या सगळे ऐकायला मिळाले, तर रात्रभर जागून ऐकणारा यजमान आणखी दुर्मीळ होईल.

दिवटी

ध्वनिरेखाताई, बाकी सर्व पटले, पण शेवटच्या मुद्द्यावर माझा अनुभव उलट आहे. काकांचे एक आख्यान पुतण्याने पूर्ण टाकले, तेव्हा पुण्यात आणि सुरतेत स्थायिक झालेल्या जुन्या यजमान घराण्यांनी ते ऐकून आम्हाला शोधून काढले आणि लग्नाच्या गोंधळाला बोलावले. ज्या घरांशी नाते तुटले होते ती घरे त्यामुळे पुन्हा जोडली गेली. शिवाय काकांनंतर त्या आख्यानाची तेवढी एकच पूर्ण प्रत आमच्याकडे उरणार आहे. मी पूर्ण मुद्रणाच्याच बाजूचा आहे. ते खुले करायचे की घरात ठेवायचे, हे मात्र नाईकांनी ठरवावे.

पाकिटांबद्दल वस्तीतल्या श्रोत्याने लिहिले ते मी मान्य करतो. आमच्याकडे आरतीच्या ताटात पैसे पडतात तो विधीचा भाग आहे, त्याला तेवढ्यापुरतेच राहू द्यावे.

पावसाळ्याचा मुद्दा आम्हालाही तंतोतंत लागू आहे. चातुर्मासात लग्ने नसतात, त्यामुळे नवरात्रापर्यंत हात रिकामे असतात. एक अडचण आहे ती म्हणजे दमट हवेत संबळाचे चामडे उतरते आणि आवाज बसतो. तापवायला कोरडी, उबदार जागा आणि कार्यक्रमापूर्वी पुरेसा वेळ मिळाला, तर तीही अडचण राहत नाही.

गोदाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आजच आमची चर्चा झाली. बैठका श्रावण आणि भाद्रपदात घेऊ. वर्गणी आपसात आधीच गोळा करून ठरलेली पूर्ण रक्कम कार्यक्रमाच्या रात्रीच देऊ. आणि मुद्रणाचा कागद मंजूर झाल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढणार नाही. मित्रानेही हे मान्य केले आहे. दरवर्षी नवा कलाकार शोधण्याऐवजी याच दोघांना पुढच्या वर्षीही बोलवावे, असेही अनेकांनी सुचवले. एकच विचारायचे राहिले: रोख रकमेखेरीज त्यांना खरोखर उपयोगी पडेल असे आम्ही आणखी काय देऊ शकतो?

वस्तीतला श्रोता

सहीशिक्क्याचे पत्र द्या. ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य शासनाची दरमहा पाच हजार रुपयांची मानधन योजना आहे, तिच्या अर्जाला कलेच्या क्षेत्रात केलेल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. ज्यांनी आयुष्यभर वस्त्यांतून आणि अंगणांतून गायले त्यांच्याकडे अनेकदा एकही कागद नसतो. तारीख, ठिकाण, सादर केलेला प्रकार आणि प्रत्येक साथीदाराचे पूर्ण नाव असलेले पत्र सोसायटीच्या शीर्षपत्रावर तयार करून सर्वांना वेगवेगळे द्यावे. नावे आधार कार्डावर आहेत तशीच लिहा, कारण एका अक्षराच्या फरकाने अर्ज परत येतात.

दिवटी

पत्र उत्तमच. शिवाय पुढच्या वर्षीची तारीख याच वर्षी ठरवून थोडी उचल देता आली, तर मेळातला तरुण संबळवाला दुसरीकडे रोजंदारी धरणार नाही. नाईकांना फोन मात्र आताच करा. श्रावण मोकळा असला तरी पाचही साथीदार वेगवेगळ्या गावांत राहतात आणि त्यांना एकत्र आणायला वेळ लागतो.