देशात घरं कमी आहेत, की परवडणारी घरं कमी आहेत?

वाघोलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी पुण्याच्या टोकाला वाघोलीत राहतो. आमच्या गच्चीवरून समोरचे तीन टॉवर दिसतात. पझेशन होऊन दोन वर्षं झाली. मागच्या रविवारी रात्री नऊच्या सुमारास मी आणि मुलीने एका टॉवरचे दिवे मोजले. आमच्या बाजूला ८८ फ्लॅट, त्यातल्या ३१ घरांत उजेड, बाकी अंधार. शेजारी चौथ्या टॉवरचं काम चालू आहे आणि कंपाउंडला लागून मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. दहा बाय दहाच्या एका खोलीत सहा माणसं झोपतात. मुलीने विचारलं, "ते लोक समोरच्या रिकाम्या घरात का नाही राहत?" मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

माझं मत असं की आपण घरं भरपूर बांधतोय, पण ज्याला गरज आहे त्याच्यासाठी बांधत नाही. २०११ च्या जनगणनेत शहरांमध्ये सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी केंद्राच्या तांत्रिक गटाने शहरांत १ कोटी ८८ लाख घरांची तूट असल्याचं सांगितलं, आणि त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त तूट दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटातली. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली, म्हणून वाद आजही याच आकड्यांवर चालतो. दिशा मात्र बदललेली नाही. सात मोठ्या शहरांतल्या नव्या प्रकल्पांत ४० लाखांच्या आतल्या घरांचा वाटा २०१९ मध्ये ४० टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२४ पर्यंत २० टक्क्यांच्याही खाली आला.

रिकाम्या घरांवर जबर कर लावा आणि मोठ्या प्रकल्पांत छोटी घरं बांधणं सक्तीचं करा, एवढीच माझी मागणी.

गिरगाव_खोली_१४

दादा, मी पूर्ण उलट बाजूचा. तुम्ही दिलेला तुटीचा आकडा उघडून बघा. १ कोटी ८८ लाखांत उघड्यावर राहणारी कुटुंबं साधारण ५ लाख. जवळपास दीड कोटी कुटुंबं आहेत ती दाटीवाटीने राहणारी. म्हणजे लोकांना छप्पर आहे, जागा नाही. ही जागा बांधल्याशिवाय कुठून येणार?

मी १६० चौरस फुटांत वाढलो. सात माणसं. रात्री वडील आणि काका गॅलरीत झोपायचे, मी पोटमाळ्यावर. ताईचं बाळंतपण झालं तेव्हा आम्ही भावंडं महिनाभर शेजारच्या खोलीत झोपत होतो. १९९१ च्या नियमांत मुंबई शहराला एफएसआय, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं ते, १.३३ आणि उपनगरांना १. शहरात कोणी किती मोकळी जमीन ठेवायची यावर मर्यादा घालणारा १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा केंद्राने १९९९ मध्ये मागे घेतला, महाराष्ट्राने त्यासाठी २००७ उजाडू दिलं. इतकी वर्षं जमीन अडवून ठेवली आणि मग भाव आभाळाला भिडले म्हणून बिल्डरला दोष द्यायचा, हे मला पटत नाही. तुमची रिकामी घरं वाघोलीत आहेत. मी मुंबईत चर्नी रोडला काम करतो. ती माझ्या काय कामाची?

सेंट्रिंगप्लेट

नाशिकमध्ये लहान इमारती बांधतो, त्यामुळे थोडं आतलं सांगतो.

२०१९ पासून परवडणाऱ्या घराला जीएसटी १ टक्का, बाकीच्यांना ५ टक्के. परवडणारं म्हणजे ४५ लाखांच्या आत आणि महानगरात ६० चौरस मीटर कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा), इतरत्र ९०. ही ४५ ची रेघ २०१९ मध्ये ओढली. जमीन, लोखंड आणि मिस्त्रीची मजुरी मला त्या सालच्या दरात कोणी देत नाही. शिवाय सिमेंटवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, ती रक्कम घराच्या किमतीतच जाते. वन बीएचके बांधा की थ्री बीएचके, लिफ्ट, पार्किंग, जिना, परवानगीचे हेलपाटे तेवढेच. छोट्या घरात दर फुटामागचा खर्च जास्त आणि नफा कमी. मी ३८० फुटांचे १२ फ्लॅट बांधले होते. विकायला चार महिने लागले, कारण घेणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांची बँकेने कर्जं नाकारली. भाजीवाला, रिक्षावाला, ब्युटी पार्लरवाली ताई. पैसे फेडणारी माणसं, पण सॅलरी स्लिप नाही.

सक्तीचं म्हणाल तर आपल्याकडे ती आहे. मोठ्या शहरांत ४ हजार चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पात २० टक्के घरं छोट्या उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात आणि म्हाडाच्या सोडतीत ती निघतात. अजून सक्ती केली तर माझ्यासारखे लहान लोक धंदा सोडतील, मोठे वकील लावतील.

वाघोलीकर

कर्जाचा मुद्दा मी धरलाच नव्हता, मान्य. पण ४५ लाखांच्या घराला ३६ लाख कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तरी हप्ता ३१ हजारांवर जातो. तुमच्या भाजीवाल्याला बँकेने कर्ज दिलं तरी तो हे कसं झेपवणार?

अकरा_महिने

सगळे विकत घेण्यावरच का अडलात? दर ११ महिन्यांनी सामान बांधणारी मी. आत्तापर्यंत पुण्यात सहा घरं झाली.

७५ लाखांचा फ्लॅट २० हजार भाड्याने जातो. वर्षाला २ लाख ४०, म्हणजे जेमतेम सव्वातीन टक्के. मालक म्हणतो एवढ्यासाठी भाडेकरूची कटकट कशाला, किंमत वाढतेय, कुलूप राहू दे. वर मनात जुन्या भाडे कायद्याची भीती, की एकदा माणूस आत शिरला की निघत नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली, त्यात डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं आणि वादांसाठी वेगळी व्यवस्था. पण अंमल राज्यांवर सोडला. माझ्याकडून मागच्या वेळी पाच महिन्यांचं डिपॉझिट घेतलं आणि परत देताना रंगाचे म्हणून २२ हजार कापले.

भाड्याने देण्यासाठीच बांधलेली घरं या देशात जवळजवळ नाहीत. मजुरांच्या त्या सहा जणांना वाघोलीत फ्लॅट नको आहे. दोन वर्षांनी ते दुसऱ्या साइटवर असतील. त्यांना स्वच्छ भाड्याची खोली हवी.

बांधावरून

शहरातलंच चाललंय, म्हणून जालना जिल्ह्यातलं सांगतो. देशात सर्वात जास्त नवी घरं कोण बांधतंय? घरकुलवाले. २०१६ च्या ग्रामीण आवास योजनेचं लक्ष्य २ कोटी ९५ लाख घरांचं होतं, २०२४ मध्ये आणखी २ कोटी वाढवलं. सपाट भागात अनुदान १ लाख २० हजार, घर किमान २५ चौरस मीटर. बिल्डर नाही, ठेकेदार नाही, घरचेच लोक राबतात.

माझ्या चुलतभावाचं जोतं झालं, फोटो काढून सरकारला पाठवला, अनुदानाचा हप्ता आला. लिंटलला, म्हणजे दाराखिडक्यांवरच्या तुळईला, काम अडकलं. वाळू पाच ब्रास मोफत असं कागदावर आहे, घरापर्यंत आणायचं ट्रॅक्टरचं भाडं कोण देणार? सावकाराकडून ६० हजार काढून स्लॅब टाकला. पावसाळाभर वहिनी दोन लेकरं घेऊन गोठ्यात राहिली. पण आज त्या घरात माणसं आहेत, एकही दिवस कुलूप नाही.

गिरगाव_खोली_१४

बांधावरून, हे मनाला लागलं. वहिनींना नमस्कार सांगा.

वाघोलीकर, एक विचारतो. समोरच्या अंधाऱ्या घरांतली सगळीच गुंतवणूकदारांची आहेत का? पाणी आहे का तिथे?

वाघोलीकर

सगळी नसतील. आमच्याच मजल्यावरचं एक कुटुंब मुलांना सोडायला बस नाही आणि नळाला पाणी नाही म्हणून परत येरवड्याला भाड्याने राहायला गेलं. गाव २०२१ मध्ये महापालिकेत आलं, तरी पाणी टँकरवर. तेव्हा करासोबत पाणी आणि रस्ता हवा, हे मी जोडतो. कराची मागणी मात्र सोडत नाही; ज्याने गुंतवणुकीसाठी तीन फ्लॅट कुलपात ठेवलेत त्याला ते खुले करायला काहीतरी टोचायला हवं.

गिरगाव_खोली_१४

लावा कर. पण तो पैसा त्याच वॉर्डातल्या पाइपलाइनला जाणार असेल तरच माझा पाठिंबा. आणि गिरगावात मजले वाढवू द्या, ही माझी मागणीही लिहून ठेवा. तुमच्याकडे रोज टँकर किती येतात?

वाघोलीकर

उन्हाळ्यात चौदा. आज सकाळपासून नऊ झाले.