भावाचा बीजीएमआय या मोबाईल गेमचा आयडी गेला, सोबत पप्पांचं जीमेलही. काय करू?

अंबडची ताई

माझा भाऊ बारावीला आहे. शनिवारी रात्री गेममध्ये ओळख झालेल्या एका पोराने त्याला लिंक पाठवली, ‘फ्री यूसी मिळतील, फक्त लॉगिन कर’ म्हणून. यूसी म्हणजे गेममधले पैसे. ह्याने केलं. सकाळी बघतो तर आयडीतून बाहेर. त्यात ग्लेशियर एम४ होती म्हणे, म्हणून साहेबांनी जेवण सोडलंय.

मला त्या बंदुकीचं काही घेणं नाही. पण आयडी ज्या जीमेलवर आहे ते पप्पांच्या फोनचं आहे. आमच्या दिंडोरीच्या बागेचे सातबारे, द्राक्ष एक्स्पोर्टचे कागद, व्यापाऱ्याच्या पावत्यांचे फोटो, सगळं त्यातच. पासवर्ड बदललाय, रिकव्हरीचा नंबरही बदललाय, पप्पांच्या फोनवर ‘पुन्हा साइन इन करा’ येतंय. आणि आता टेलिग्रामवर एक जण म्हणतो, तीन हजार टाका, आयडी परत देतो. पप्पा म्हणतात देऊन टाक, कटकट मिटेल. देऊ का?

गोदाकाठचा स्नायपर

गेलेला आयडी परत येत नसतो भो. नवीन काढायला सांगा, क्राउन रँकपर्यंत मी पोचवून देतो.

एमजी रोडचा मोबाईलवाला

ताई, एक रुपया देऊ नका. तीन हजार दिले की तो पाच मागणार. माझ्या काउंटरवर अशी पोरं आईला घेऊन येतात, पैसे देऊन झाल्यावर.

आधी एक समजून घ्या. तुम्हाला गेमचा आयडी सोडवायचा नाहीये, गूगल अकाउंट सोडवायचंय. बीजीएमआयला स्वतःचा वेगळा पासवर्ड नसतो, तो गूगल, फेसबुक असल्या लॉगिनवर चालतो. जीमेल हातात आलं की गेम मागोमाग येतो. म्हणून गेमच्या सपोर्टला मेल लिहीत बसू नका, ते नंतर.

आणि हे आजच करा, उद्यावर ढकलू नका. रिकव्हरी नंबर चोराने बदलला तरी सात दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरावर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. शनिवारची गोष्ट म्हणजे मुदत अजून आहे. पप्पांचं सिम त्यांच्याच फोनमध्ये राहू द्या. त्याच फोनवरून, घरच्याच वायफायवर, नेहमीच्या क्रोममध्ये जी डॉट सीओ स्लॅश रिकव्हर उघडा. कंपनीतल्या कॉम्प्युटरवरून किंवा मित्राच्या फोनवरून करू नका, ओळखीचं डिव्हाइस आणि ओळखीची जागा गूगल बघतं. शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारेल, तो जुना असला तरी टाका. ‘माहीत नाही’ करून प्रश्न सोडत जाऊ नका, अंदाज असेल तर अंदाज लिहा.

आत शिरलात की नुसता पासवर्ड बदलून उठू नका. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि चोर मागच्या दाराने परत येतो. सिक्युरिटीत जाऊन अनोळखी डिव्हाइस साइन आउट करा. रिकव्हरी फोन आणि ईमेल तुमचेच आहेत ना बघा. त्याने स्वतःची पासकी, म्हणजे पासवर्डशिवाय आत यायची सोय, जोडली असेल तर काढा. मग जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर, हे कॉम्प्युटरवर उघडून बघा, ॲपमध्ये नीट दिसत नाही. गूगलचे इशारे आपोआप ट्रॅशमध्ये जातील असा फिल्टर लावून ठेवतात हे लोक. शेवटी टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, चालू करून बॅकअप कोड कागदावर लिहा. क्रोममध्ये पासवर्ड सेव्ह असतील तर बँकेपासून सगळे बदला.

कागद उडवले असतील तरी घाबरू नका. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, बॅकअप झालेला फोटो बिनमध्ये ६० दिवस. मात्र चोराने ट्रॅशही रिकामा केला असेल तर विषय वेगळा.

नाशिकरोडचे काका

वरच्या दादांचं बरोबर आहे, मी फक्त तक्रारीचं सांगतो. टेलिग्रामवाल्याच्या चॅटचे स्क्रीनशॉट आत्ताच घ्या. त्याचं युजरनेम दिसलं पाहिजे, नुसतं नाव नको, ते तो केव्हाही बदलतो. चॅट दोन्हीकडून उडवायची सोयही त्याच्याकडे असते.

पैसे गेलेले नाहीत, त्यामुळे १९३० हेल्पलाइनची घाई नाही. तो नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी, खात्यातून काही कटलं तर लगेच लावा. तुमच्यासाठी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन आहे. पोच क्रमांक मिळेल, तो जपा. नाहीतर आपल्या नाशिक पोलीस आयुक्तालयाचं सायबर पोलीस ठाणं आहेच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६क यालाच लागतं, म्हणजे दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. इंग्रजीत ते ६६सी, फॉर्मवर तसंच दिसेल. ‘गेमचा आयडी गेला’ असं लिहू नका, तिथला माणूस हसेल. जमिनीचे कागद असलेलं ईमेल चोरलं आणि खंडणी मागतोय, असं लिहा. खरंही तेच आहे.

अंबडची ताई

आलं! जुन्या नंबरावर कोड आला, पप्पांच्याच फोनवरून केलं. फिल्टर खरंच लावलेला होता, गूगलचे सगळे मेल थेट ट्रॅशमध्ये. सातबारे जागेवर आहेत, त्याने बहुतेक त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तक्रारही टाकली काका, तुम्ही सांगितलं त्या शब्दांत.

गेममध्ये गूगलने लॉगिन झालं. पण लिंक केलेल्या अकाउंटमध्ये कुणाचं तरी ट्विटर दिसतंय, आमच्या घरात ट्विटर कुणाकडेच नाही. आणि यूसी संपवलेत, कुणालातरी पॉप्युलॅरिटी, म्हणजे प्रोफाइलवरचे लोकप्रियतेचे पॉइंट, गिफ्ट केलेत. ते परत मिळतात का?

एमजी रोडचा मोबाईलवाला

ते ट्विटर त्याचंच. ते असेपर्यंत गूगलचा पासवर्ड कितीही बदला, तो गेममध्ये येत राहणार. आता सपोर्टची वेळ आली. गेममधल्या कस्टमर सर्व्हिसमधूनच लिहा, टेलिग्रामवर किंवा यूट्यूबच्या कमेंटमध्ये ‘ऑफिशियल सपोर्ट’ म्हणून भेटणारा प्रत्येक जण दुसरा चोर समजा. भावाचा कॅरेक्टर आयडी द्या, म्हणजे प्रोफाइलवरचे आकडे, टोपणनाव नाही. कुठल्या तारखेला अकाउंट गेलं, कधी परत मिळालं, कोणतं लॉगिन तुमचं नाही, एवढंच लिहा, रडगाणं नको. पूर्वी प्ले स्टोअरवरून यूसी घेतले असतील तर त्या पावत्या जीमेलमध्ये असतील, ऑर्डर नंबर जीपीएने सुरू होतो. दोन-तीन जोडा, मालकी त्यावरूनच पटते.

लिंक काढून मिळेल अशी आशा आहे. खर्च झालेले यूसी आले तर आले, त्यावर भावाला जेवायला बसवू नका.