फक्त यादी बदलत नाही, टायगर वूड्स पीजीए टूर 11 पाहा

"दरवर्षी खेळाडूंची यादी बदलून तोच गेम विकतात" ही क्रीडा व्हिडिओ गेम्सबद्दलची नेहमीची तक्रार टायगर वूड्स पीजीए टूर या गोल्फच्या गेम मालिकेला अर्धीच लागू होते. 2011 साली आलेल्या मालिकेतल्या 12 क्रमांकाच्या गेममध्ये ऑगस्टा नॅशनल हे मास्टर्स स्पर्धेचं मैदान मालिकेत पहिल्यांदा आलं, गाजावाजा त्याचाच झाला. पण खेळायची पद्धत बदलली ती त्याआधीच्या 11 क्रमांकाच्या गेममध्ये. तोवर चेंडू हवेत असताना बटण बडवून फुकटात स्पिन (फिरकी) देता यायचा. 11 मध्ये स्पिन, जादा ताकद आणि पटची (ग्रीनवरून, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरून, भोकाकडे मारलेल्या फटक्याची) आधी दिसणारी वाट, सगळं 'फोकस'च्या एकाच साठ्यातून जातं. टी-शॉटलाच (भोकाच्या सुरुवातीच्या पहिल्या फटक्यालाच) तो उधळला की अप्रोचला (ग्रीनकडे मारलेल्या फटक्याला) बॅकस्पिन (उलटी फिरकी) उरत नाही, चेंडू पिनपाशी (भोकातल्या झेंड्यापाशी) पडूनही पुढे घरंगळत जातो. म्हणून ड्राइव्हला (त्याच पहिल्या लांब फटक्याला) फोकस फक्त पार 5 वर (पाच फटक्यांत पूर्ण करायच्या लांब भोकावर), तोही दोन फटक्यांत ग्रीन गाठता येत असेल तरच. चांगले फटके बसले की साठा पुन्हा भरतो.

शिवाय 11 मध्येच आलेला 'ट्रू एम' हा नेम धरण्याचा पर्याय चालू करून बघाच. चेंडू पडणार ती जागा जवळून दिसत नाही, कॅमेरा खेळाडूच्या मागेच राहतो, त्यामुळे यार्डांचा आकडा आणि वारा खरोखर वाचावा लागतो. माझ्या मते मालिकेतली ही सगळ्यात प्रामाणिक सुधारणा.