रोज रात्रीचा हिशोब: चांगुलपणा की मनाची समजूत?

उलटतपासणी
काल एक पोस्ट आली: झोपण्यापूर्वी 'आज कोणाचं भलं केलं, कुठे चुकलो, उद्या काय सुधारेन' हे वहीत लिहा, माणूस आपोआप चांगला होतो. खाली बदामांचा पाऊस. प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा.

आपोआप काहीही होत नाही हो. आमच्या नात्यातले एक गृहस्थ वर्षानुवर्षं डायरी लिहितात. सख्ख्या भावाशी इस्टेटीवरून अबोला. डायरीत त्याच भावाबद्दल असं लिहिलंय की डोळे भरून यावेत (स्वतःच वाचून दाखवतात!). फोन मात्र अजून केलेला नाही. खरी गोम इथेच आहे. लिहिलं की मन हलकं होतं, आणि हलकं झालं की भावाकडे जायची निकडच उरत नाही. वही उलटून बोलत नाही, भाऊ बोलेल ना!

निमूट
तुमचे नातेवाईक ढोंगी निघाले, त्यात वहीचा काय दोष? रोमन तत्त्वज्ञ सेनेका दिवा गेल्यावर, बायको गप्प झाली की सगळा दिवस तपासायचा. अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक, बेंजामिन फ्रँकलिनने १३ सद्गुणांचा तक्ता आखला होता. आठवड्याला एक गुण, चुकलं की काळा ठिपका, वर्षात चार फेऱ्या. जैनांचं प्रतिक्रमण आहे, म्हणजे आपल्या चुका आठवून क्षमा मागणं; जेझुइट हे कॅथलिक धर्मगुरू दिवसातून दोनदा हेच करतात. सगळे खुळे?

खवचट_काकू
सेनेका म्हणजे रोमन सम्राट नीरोने आईला मारल्यावर सिनेटला पाठवायचं सफाईपत्र लिहून देणारा तोच ना? इसवी सन ५९, रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवलंय. त्या रात्री दिवा गेल्यावर काय तपासलं म्हणे?
आणि फ्रँकलिनच्या घरात गुलाम होते. १३ गुणांत 'न्याय' होता. तिथे ठिपका पडला का?

निमूट
अर्धवट माहिती. १७८७ मध्ये ते गुलामीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले, १७९० मध्ये गुलामी संपवा म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, अर्ज केला.

खवचट_काकू
तक्ता ऐन विशीतला, अर्ज चौऱ्याऐंशीव्या वर्षी. फारच लवकर सुधारले की!

निमूट
तुम्ही चौऱ्याऐंशीपर्यंत किती सुधारता ते बघूच.

रात्रपाळी
फ्रँकलिनला सोडा हो आता. मी नर्स आहे. आमच्या सीनियर सिस्टर ड्यूटी संपताना हॅंडओव्हर झाला की विचारतात, "आज कोण कोणावर खेकसलं?" एकदा एक पोरगी म्हणाली, आजींनी बेडपॅनसाठी तिसऱ्यांदा बेल वाजवली म्हणून टाकून बोलले. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "भेटून जा." ती बॅग खांद्याला लावून तशीच गेली. आजी म्हणाल्या, "मला वाटलं तू आता येणारच नाहीस." वही-बिही काही नाही.

निमूट
मग हे आत्मपरीक्षण नाही तर काय आहे?

उलटतपासणी
आहे ना. पण विचारणारं दुसरं कोणीतरी होतं, आणि ज्याला लागलं तो माणूस चार पावलांवर होता. पोस्टमध्ये या दोन्हींचा पत्ता नाही.

साधा_माणूस
माझं वेगळंच रडगाणं. मला हे प्रश्न विचारावेच लागत नाहीत, दिवा बंद केला की आपणहून रांगेत उभे राहतात. कोणाला काय बोललो, त्याचा चेहरा कसा झाला... पहाटेपर्यंत रवंथ. सुसान नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच रवंथावर काम केलंय, त्याने नैराश्य लांबतं. वर मी इतका स्वतःतच गुंतलेला की शेजारच्याला काय हवंय ते दिसतही नाही. त्यात कसलं आलंय डोंबलाचं भलं? ज्यांनी खरंच हिशोब मांडायला हवा, ते बदाम देऊन घोरत पडतात.

निमूट
हा मुद्दा मान्य. नाइलाजाने. पण सेनेकाने त्यावरही तोड दिली आहे: 'या वेळी माफ करतो, पुन्हा करू नकोस' असं स्वतःला सांगायचं आणि विषय संपवायचा.

खवचट_काकू
स्वतःच आरोपी, स्वतःच न्यायाधीश, वर माफीही स्वतःच! आईच्या खुनाच्या पत्रालाही हेच कलम लावलं असणार.

निमूट
काकू, तुमच्यासाठी वेगळा धागा काढतो.

खवचट_काकू
काढा. त्यात फ्रँकलिनच्या ठिपक्याचं उत्तर पण द्या.