बाळ १६ दिवसांचं आहे, डॉक्टर ऑपरेशनचं विचारताहेत. सही करावी का?

लालबागची मावशी:
माझ्या धाकट्या बहिणीला बाळ झालं, आज सोळावा दिवस. नर्सबाई बाहेर आल्या आणि मुलगा की मुलगी हे न सांगताच परत आत गेल्या, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. नंतर डॉक्टर म्हणाले, लिंग स्पष्ट नाही, गुणसूत्रं तपासू. रिपोर्ट यायचाय, पण ऑपरेशनचं आत्तापासूनच विचारताहेत. "लहानपणीच उरकून टाका, मोठेपणी कळणारही नाही."

भावजी गप्प आहेत. चाळीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, पेढे की बर्फी? मी शेवटी साखर वाटली. बारसं पुढे ढकललंय. सासूबाईंना वेगळीच धास्ती, बाहेर कळलं तर तृतीयपंथी येऊन बाळ घेऊन जातील. बाळ माझं बोट असं घट्ट धरतं की सोडवत नाही. ऑपरेशन करायलाच हवं का? जन्मदाखल्याचं काय?

निवृत्त परिचारिका, परळ:
ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा. बाळाचं सोडियम-पोटॅशियम बघितलंय का? सतरा-ओएचपी नावाची रक्ततपासणी? अशा काही बाळांना सीएएच असतो, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात दोष. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अंगातलं मीठ घटतं आणि बाळ बघता बघता खालावतं. तुमचं बाळ नेमकं त्याच दिवसांत आहे. उलट्या झाल्या, दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं तर मध्यरात्र असली तरी इस्पितळ गाठा. त्यावर औषध आहे, वेळेवर मिळालं तर बाळ छान वाढतं. लघवीची वाट मोकळी आहे ना, तेही विचारा. घाई या दोन गोष्टींची. दिसण्यासाठीच्या ऑपरेशनची अजिबात नाही.

डोंबिवलीकर:
मावशी, मी आंतरलिंगी आहे, म्हणजे जन्मतःच माझं शरीर नेहमीच्या स्त्री किंवा पुरुषाच्या ठेवणीत बसत नाही. वय ३४. "कळणारही नाही" हे माझ्या आईलाही सांगितलं होतं. दीड वर्षाची असताना माझं ऑपरेशन झालं, पुढे सातव्या वर्षी पुन्हा. एकोणिसाव्या वर्षी लग्नाच्या साड्या काढताना कपाटात पैठणीखाली पिवळी पडलेली फाइल सापडली. आई दारातच खाली बसली. तिचा राग मी धरला नाही, तिला कुणी दुसरा रस्ता दाखवलाच नव्हता. पण जी संवेदना कापली गेली ती परत येत नाही, हे मला रोज कळतं.

मद्रास उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०१९ ला सांगितलं की आई-वडिलांची संमती म्हणजे बाळाची संमती नव्हे. त्यानंतर तामिळनाडू सरकारने अशा ऑपरेशनांवर बंदी आणली, जिवाला धोका असेल तेवढा अपवाद ठेवून. ती बंदी त्या राज्यापुरती आहे. आपल्याकडे तुम्ही सही न करणं हाच अडसर. तो काढू नका.

वकील, दादर:
जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, ती माहिती हॉस्पिटलच पाठवतं. तिथे लिंगाच्या रकान्यात काय लिहिताहेत ते आधी वाचून घ्या. नाव नंतर घालता येतं, त्याची चिंता नको. नोंद चुकली तर दुरुस्तीची तरतूद आहे.

सासूबाईंना सांगा, पारलिंगी, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असलेल्या व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे न्यायालयाच्या आदेशाशिवाय असं मूल आई-बापापासून कुणालाच तोडता येत नाही. या कायद्याने आंतरलिंगी व्यक्तींना पारलिंगींच्याच व्याख्येत बसवलंय, ते मला पटत नाही. शरीराची ठेवण वेगळी आणि स्वतःची ओळख वेगळी. पण भेदभावाविरुद्धचं संरक्षण बाळाला मिळतं. नाशिक ग्रामीण पोलिसांच्या २०१८ च्या भरतीत वैद्यकीय तपासणीनंतर एका मुलीला नाकारलं होतं, गर्भाशय नाही आणि गुणसूत्रं पुरुषाची म्हणून. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली, २०२२ मध्ये सरकारला तिला खात्यात घ्यायची तयारी दाखवावी लागली. मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

लालबागची मावशी:
रात्रीच रक्त दिलं. सोडियम बरोबर आलंय, दुसरा रिपोर्ट बाकी आहे. भावजी स्वतः जाऊन सही करणार नाही म्हणून सांगून आले.

डोंबिवलीकर, तुझं लिहिलेलं बहिणीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ बाळाला थोपटत राहिली. मग उठली आणि बाळाची फाइल रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली, जिथे घरातल्या सगळ्यांचे कागद असतात.